ऊन नको, उजेड हवा : थाई रेशीम आणि आपलं घर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचे शब्दांकन. वक्त्या बी विंगमधील सभासद असून त्यांनी तीस वर्षे गृहसजावटीचा व्यवसाय केला आहे.)



समितीने मला विषय दिला होता 'गृहसजावट'. एका तासात गृहसजावट म्हणजे तांब्यात समुद्र. म्हणून मीच तो कापून लहान केला. हातमागावर विणलेलं थाई रेशीम आणि त्याचा घरात वापर, एवढंच बोलणार आहे. कारण साधं आहे. आपल्या चारही विंगांमधून बँकॉकला जाऊन आलेली मंडळी भरपूर आहेत, आणि बहुतेकांच्या दिवाणखान्यात हत्तीचं चित्र असलेली चकचकीत कुशनं मी पाहिली आहेत. त्यांतली खरी रेशमी किती, हे मी कुणाच्या घरी चहा पिताना कधी सांगितलं नाही. आज चहा सोसायटीचा आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. 1996 साल. माहीमला समुद्राकडे तोंड असलेला सातवा मजला, पश्चिमेला भिंतभर खिडकी. घरमालकांनी बँकॉकहून पडद्यांसाठी हातमागाचं रेशीम आणलं होतं. उभा धागा बाटलीच्या काचेसारखा हिरवा आणि आडवा धागा तांब्याच्या रंगाचा. आपल्या पैठणीत जिला आपण धूपछाव म्हणतो ना, तीच जात. हातात धरून जरा हलवलं की हिरव्याचं तांबूस होतं आणि पुन्हा हिरवं. मी वेडीच झाले. लायनिंग लावलं तर मागून येणारा उजेड अडेल आणि रंगाची सगळी मजा जाईल, म्हणून मी लायनिंग न लावता पडदे शिवले. संध्याकाळी सूर्य खाली आला की ती खोली अशी पेटायची की येणारा माणूस दारातच थांबायचा. मला त्या खोलीमुळे पुढची चार कामं मिळाली.

अडीच वर्षांनी फोन आला. बाईंनी पडदा बाजूला ओढला आणि तो वरपासून खालपर्यंत फाटला. मी जाऊन बघितलं, तर काचेच्या बाजूला येणाऱ्या प्रत्येक चुणीवर कापडाचा पापड झाला होता. बोट लावलं की मोडायचं. घडीच्या आत लपलेला भाग मात्र अगदी नव्यासारखा. घरमालक सज्जन, काही बोलले नाहीत, पण निम्मे पैसे मी परत केले. चूक माझीच होती. कापड बिचारं काय करणार?

रेशीम म्हणजे प्रथिन, आपल्या केसांच्या जातीचं. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्या प्रथिनाच्या साखळ्या तुटत जातात, कापड आधी पिवळं पडतं, मग कडक होतं, मग फाटतं. काचेतून हे किरण थोडे गाळले जातात, पण नुकसान करायला पुरतील एवढे आत येतातच. सुती कापड विटतं तरी बराच काळ तग धरतं. रेशमाला ऊन अजिबात सोसत नाही. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून ठरवलं, जे कापड आपण लोकांच्या घरात लावतो ते कुठून येतं, कसं होतं, हे बघून यायचं. बघायला मात्र 2007 उजाडलं. आमचा ग्रुप पटायाला गेला, आणि मी नवऱ्याला घेऊन बँकॉकहून खोरातची बस धरली. अडीचशे किलोमीटर. ते अजून मला त्यावरून ऐकवतात.

थायलंडच्या ईशान्य भागाला इसान म्हणतात. कोरडवाहू मुलूख, भाताचं एक पीक, आणि शेतीच्या मधल्या काळात बायकांच्या हाती रेशीम. खोरातच्या दक्षिणेला पाक थोंग चाय हा भाग विणकरांचा म्हणून प्रसिद्ध आहे. तिथल्या एका घराच्या सोप्यात मी जे पाहिलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

चुलीवर मातीचं मडकं, त्यात उकळायच्या बेताचं पाणी, आणि पाण्यात पिवळेधमक कोश नाचतायत. आपल्याला रेशमाचा कोश पांढरा असतो असं वाटतं. तिथल्या मूळच्या देशी जातीचा कोश हळदीसारखा पिवळा. मडक्याच्या काठावर लाकडाची चौकट आणि तिच्यावर एक छोटं चाक. बाई एका हाताने लाकडी चमच्यासारख्या काटक्याने कोश दाबत, ढवळत राहते, आणि दुसऱ्या हाताने पंधरा-वीस कोशांचे तंतू एकत्र करून चाकावरून वर ओढते. धागा बाजूच्या टोपलीत भुसभुशीत ढिगासारखा पडत राहतो. यंत्र नाही, मीटर नाही. किती कोश एका वेळी धाग्यात आहेत हे तिची बोटं ठरवतात. एखादा कोश संपला, दुसरा अडकला, दोन जास्त आले, की धागा तेवढ्यापुरता जाड होतो. कोशाच्या बाहेरच्या थराचा धागा खरखरीत निघतो, तो वेगळा ठेवतात. आतल्या थराचा मऊ आणि बारीक, त्याला किंमत जास्त.

या देशी किड्याच्या कोशातून सलग तंतू निघतो तो काहीशे मीटरचा. जपान-चीनकडच्या सुधारित जातीच्या पांढऱ्या कोशातून हजार मीटरच्या वर निघतो, शिवाय एकसारखा. त्यामुळे विणताना तिथे बहुधा असं करतात की उभा धागा, म्हणजे ताणा, या सुधारित गुळगुळीत रेशमाचा. कारण मागावर ताण त्याला सोसायचा असतो. आडवा धागा, बाणा, हा हाताने काढलेल्या देशी रेशमाचा. कापडावर आडव्या बारीक जाडसर रेघा दिसतात, ज्यांना आपल्या बाजारात स्लब म्हणतात, त्या इथून येतात. मडक्याजवळच्या त्या बाईच्या बोटांतून.

आणखी एक गंमत. ती पिवळी झळाळी कापडात राहत नाही. धाग्यावर नैसर्गिक डिंक असतो, साबणाच्या पाण्यात उकळून तो काढावा लागतो, आणि पिवळा रंग मुख्यतः त्या डिंकातच असतो. डिंक गेला की वजनही सुमारे पाव हिश्श्याने कमी होतं. खाली उरतं ते मऊ, मलईच्या रंगाचं रेशीम, आणि त्याला मग हवा तो रंग देतात. उकडलेल्या कोशातले किडे त्या बायका काम करता करता शेंगदाण्यासारखे खातात. मलाही पुढे केले होते. मी हात जोडले. (इथे सभागृहात बरीच कुजबुज झाली.) हिंसेचा प्रश्न मनात आला असेल तर तो रास्तच आहे. पैठणी नेसणाऱ्या आपण सगळ्याजणी त्यात आलो. पतंग बाहेर पडल्यावर फुटलेल्या कोशाचं सूत कातून केलेलं रेशीमही मिळतं, त्याचा पोत जाडाभरडा असतो, ती चमक नसते. ज्यांना मूळ गोष्टच पटत नाही त्यांनी घरात रेशीम आणू नये, मी आग्रह करणार नाही.

आता हे कापड दिवाणखान्यात कसं आलं? कारण तिथल्या लोकांनी ते कधी सोफ्याला लावलं नव्हतं. ते नेसायचं कापड. लुंगीसारखं, धोतरासारखं, लग्नात, देवळात. जुनं थाई घर म्हणजे खांबांवर उभं सागवानी घर, बसायला चटई. तेव्हा कुणी दुकानदार 'हजार वर्षांची परंपरा आहे मॅडम' म्हणून पडद्याचं कापड दाखवू लागला तर हसून ऐकून घ्या. रेशमाची परंपरा जुनी आहे, पडद्यांची नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा चुलालोंगकोर्नने रेशीमशेती सुधारण्यासाठी जपानहून तोयामा कामेतारो या शास्त्रज्ञाला बोलावलं होतं. काही वर्षं प्रयत्न झाले, पुढे ते बारगळले. तोयामांनी मात्र पिवळ्या-पांढऱ्या कोशांच्या संकरातून आनुवंशिकतेवर महत्त्वाचं संशोधन केलं. बाजारात गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि हातमाग मागे पडले.

दुसरं महायुद्ध संपताना 1945 मध्ये जिम थॉम्प्सन नावाचा अमेरिकन बँकॉकला आला. सैन्याच्या गुप्तचर खात्यातला माणूस, पण मूळचा वास्तुरचनाकार. हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याने ते कापड बघितलं ते खोलीतला रंग म्हणून. बँकॉकमध्ये सेन सेप कालव्याच्या काठी बान क्रुआ नावाची वस्ती आहे. तिथले विणकर चाम मुसलमान, कंबोडियाकडून आलेल्यांचे वंशज. थॉम्प्सनने त्यांच्याकडून नमुने विणून घेतले आणि 1947 मध्ये न्यूयॉर्कला 'व्होग' मासिकाच्या संपादिकेपुढे ठेवले. कापड पसंत पडलं. कंपनी उभी राहिली. 1951 मध्ये ब्रॉडवेवर 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक आलं, त्याच्या वेशभूषेत थाई रेशीम वापरलं आणि अमेरिकेत मागणी वाढली. त्याने पक्के रासायनिक रंग आणले, कारण जुने रंग उतरायचे. मागही सुधारले. नंतर हेच कापड जाड विणून, दोन-तीन-चार पदरी धागे घालून, फर्निचरसाठी निघू लागलं.

त्याचं घर आता संग्रहालय आहे. बँकॉकला जाणाऱ्यांनी मॉलमधला एक तास वाचवून ते बघा. सहा जुनी सागवानी घरं उचलून आणून त्याने 1959 मध्ये एक घर उभं केलं, आणि भिंतींची बाहेरची बाजू आत येईल अशी बसवली. आत गडद लाकूड, आणि त्यावर मोजकं रेशीम. एवढा रेशमाचा व्यापारी, पण घर रेशमाने मढवलेलं नाही. मला तिथे माझ्या धंद्यातलं जे उमजलं ते कुठल्या कोर्समध्ये उमजलं नव्हतं. गडद, न चमकणाऱ्या पृष्ठभागावर चमकणारं थोडंच हवं. 1967 च्या 26 मार्चला मलेशियात कॅमेरॉन हायलँड्स इथे तो फिरायला बाहेर पडला तो परत आलाच नाही. आजही त्याचा पत्ता लागलेला नाही.

त्या घराच्या अंगणातून कालव्यापलीकडे बान क्रुआ दिसतं. आम्ही पूल ओलांडून गेलो. ज्या वस्तीने हे सगळं सुरू करून दिलं तिथे माग आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. विणकाम इसानकडे गेलं. एका मागावर एक वयस्क बाई होत्या. त्यांना मी माझ्या पर्समधला तांबूस-हिरव्या पडद्याचा तुकडा दाखवला, तोच, फाटलेल्या पडद्याचा. (तो मी अजून जपून ठेवलाय, आज टेबलावर आहे.) त्यांनी तो उजेडाकडे धरला, विटलेल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि वर बोट करून 'सूर्य' अशी खूण केली. दुभाष्याची गरज लागली नाही.

पण त्याआधी पाक थोंग चायला मडक्याजवळ बसले असताना मला पडद्यापेक्षा मोठी चूक आठवली होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाने माल नाकारला होता. 'यात गाठी आहेत, डिफेक्टिव्ह आहे' म्हणून. मी दुकानदाराकडे जाऊन तावातावाने भांडले आणि तीस टक्के सूट घेतली. स्वतःला फार हुशार समजले. ती सूट शेवटी कुणाच्या खिशातून गेली असेल? एकसारखं, आरशासारखं कापड मागणारे ग्राहक वाढले की व्यापारी बाणाही यंत्राच्या सुताचा घालायला सांगतो, आणि मडकं विझतं. त्या बाईने तासभर काम करून जो धाग्याचा ढीग केला होता तो माझ्या ओंजळीत मावला असता. त्यानंतर ग्राहक 'गाठी' म्हणाला की मी त्याला बसवून मडक्याची गोष्ट सांगते. निम्मे लोक ऐकतात. निम्मे लोक पॉलिस्टर घेतात, तेही बरंच.

आता कामाचं बोलू. खरं कसं ओळखायचं? तिथे मोराचं सरकारी चिन्ह असतं, राणी सिरिकित यांच्या पुढाकाराने आलेलं. मोर चार रंगांत. सोनेरी मोर म्हणजे देशी जातीचं रेशीम, हाताने काढलेला धागा, पारंपरिक हातमाग. रुपेरी मोर म्हणजे हातमागच, पण सुधारित जातीचं रेशीमही चालतं. निळा म्हणजे शुद्ध रेशीम, विणण्याच्या पद्धतीची अट नाही. हिरवा म्हणजे मिश्र धागा. आपल्याकडे 2004 पासून सिल्क मार्क आहे, तो कापड शुद्ध रेशमाचं आहे एवढंच सांगतो. हातमागाचं आहे का ते सांगत नाही. चिन्ह नसेल तर दोन धागे ओढून जाळून बघा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

पडद्यांचा हिशेब बघा. सहा फूट रुंदीची खिडकी म्हणजे 72 इंच. चुण्यांसाठी दुप्पट धरा, 144 इंच. हातमागाचं कापड साधारण 40 इंच पन्ह्याचं, म्हणजे चार पाट. प्रत्येक पाट साडेसात फूट, वर-खाली मुडपायला एक फूट. झाले साडेदहा मीटर. एक मीटर जास्त घ्या, आणि सगळं एकाच वेळी, एकाच रंगाईतलं. हाताच्या रंगाईत दुसऱ्या खेपेला तोच रंग येत नाही, आणि भिंतीवर तो फरक रोज दिसतो. मागून सुती लायनिंग हवंच, मध्ये पातळ फ्लॅनेल घातलं तर उत्तम. काचेला लागून एक पांढरा जाळीचा पडदा. आणि पडद्याची जी कड आपण ओढतो आणि जिच्यावर ऊन आधी पडतं, तिथे चार इंचांची सुती पट्टी लावा. पाच वर्षांनी ती पट्टी बदलता येते, पडदा बदलावा लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीला मात्र हे सगळं करूनही लावू नका. उत्तरेचा उजेड या कापडाला सगळ्यात मानवतो.

धूपछाव कापड कापताना शिंप्याच्या डोक्यावर उभे राहा. एका घरात चार कुशनांपैकी एक आडवं कापलं गेलं, आणि ते वेगळ्याच रंगाचं दिसू लागलं. घरच्या आजी म्हणाल्या, तीन निळी आणि एक जांभळं आणलंस होय गं?

सोफ्याला लावायचं तर जाड, चार पदरी किंवा त्याहून भारी, मागून सुती कापड चिकटवलेलं. तरी रोजच्या सोफ्याला मी नाही म्हणेन. पलंगाच्या डोक्याकडच्या पाठीला तर अजिबात नाही. आपल्या डोक्याला तेल असतं. ज्या खुर्चीत पाहुणेच बसतात, तिला लावा. कुशनं चालतील. भिंतीवर लावायचं तर लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर, मागे नमद्याचा थर घालून ताणतात. खोलीतला आवाजही बसतो. पण बाहेरच्या भिंतीवर नको. आपल्या बिल्डिंगच्या पश्चिमेच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते हे मी सांगायला नको, एजीएमचा अर्धा वेळ त्यातच जातो. ओलीने बुरशी, आणि बंद कपाटात ठेवलंत तर कसर. लोकरीसारखी रेशमालाही कसर लागते. पाण्याचे थेंबही डाग ठेवतात, त्यामुळे इस्त्री उलट बाजूने आणि पाणी न शिंपडता. धुण्याऐवजी ड्रायक्लीन. धूळ मऊ ब्रशने.

समितीच्या काही मंडळींनी विचारलं होतं की, जयंतीनिमित्त या सभागृहाच्या स्टेजमागे थाई रेशमाचा पडदा करावा का. बजेट आहे म्हणतात. मी नाही म्हणते. इथे गणपतीची आरास होते, टाचण्या लागतात, मुलं पावसाळ्यात इथेच क्रिकेट खेळतात, आणि समोरच्या खिडकीतून दुपारी तीनपासून ऊन येतं. आपल्याकडचं जाड सुती हातमागाचं कापड घ्या, ते सगळं सोसेल. फार हौस असेल तर ऑफिसमध्ये, सदस्यांच्या फोटोंच्या भिंतीवर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे दोन बाय तीन फुटांची एक चौकट लावा. त्याचं शिवणकाम मी फुकट करून देईन, कापडाचे पैसे मात्र सोसायटीचे.

टेबलावर नऊ नमुने ठेवले आहेत. पाच खरे, चार खोटे, कुठले कुठले ते लिहिलेलं नाही. हात धुऊन या, भजी खाऊन थेट हात लावू नका. ज्यांना आपल्या कुशनाचे धागे जाळून बघायचेत त्यांनी चहानंतर गेटजवळ यावं. वॉचमनला पाण्याची बादली ठेवायला सांगितली आहे. सेक्रेटरी साहेब, तेवढी परवानगी असू द्या.